एक रणगाडा, एक दिवस

सर्वसाधारण रणगाडा रंगवता येत नाही. रणगाड्यांची छोटी मॉडेलं बनवण्याच्या छंदाने मला जे शिकवलं, त्यातलं सगळ्यांत मोलाचं हे आहे. ते कळायला सुटे भाग जोडून होईपर्यंत, रंगाची पहिली बाटली हातात घेईपर्यंत थांबावं लागतं. तोवर सगळं पुस्तिकेबरहुकूम चालतं. अमुक क्रमांकाचा भाग तमुक खाचेत बसवायचा, एवढंच. रंगाची बाटली उघडली की मात्र पुस्तिकेला झेपणार नाहीत असे प्रश्न सुरू होतात. हा गाडा कुठल्या रेजिमेंटचा? कुठल्या महिन्यात, कुठल्या मातीवर उभा आहे? कारखान्यातून निघून त्याला किती काळ लोटला? आज सकाळी तो नदीतून वर आला की कोरड्या शेतातून? हे ठरवल्याशिवाय ब्रश टेकवता येत नाही. रंगवायचं झालं तर एकच रणगाडा आणि त्याचा एकच दिवस रंगवावा लागतो.

युद्धाबद्दल आपण फार घाऊक बोलतो. इतके रणगाडे नष्ट झाले, इतकं सैन्य पुढे सरकलं, अमुक आघाडी कोसळली. इतिहासाच्या पुस्तकाला तसं बोलणं भाग असतं, बातमीलाही असतं. टेबलावरच्या गाड्यापुढे मात्र अशी घाऊक वाक्यं थांबतात. त्याच्या डाव्या मडगार्डला पोचा आहे की नाही, एवढंच तिथे विचारलं जातं. हे विचारणं मला क्षुल्लक वाटत नाही. ज्या युद्धात आपण नव्हतो, त्याच्याशी प्रामाणिक राहण्याचा तो एक मार्ग आहे, असं मी मानतो.

रणगाड्यांची बहुतेक मॉडेलं १/३५ प्रमाणात असतात, म्हणजे मूळ वस्तूच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी. हे प्रमाण कसं आलं याची हकीकत या छंदातल्या सगळ्यांना ठाऊक असते. जपानमधल्या शिझुओका शहरात तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यात सुरू झाली. पुढे ती लाकडी मॉडेलं करू लागली आणि मग प्लॅस्टिककडे वळली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिने जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल बाजारात आणलं. ते मोटरवर चालायचं, आणि आत मोटर व बॅटऱ्या मावाव्यात या हिशेबाने त्याचा आकार ठरला होता. नंतर मोजलं तेव्हा ते मूळ गाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाएवढं भरलं. पुढच्या मॉडेलांना तेच माप लावलं गेलं, इतर कंपन्यांनीही तेच उचललं, आणि आज जगभर रणगाड्यांसाठी हेच प्रमाण चालतं.

बॅटरीच्या आकारावरून ठरलेल्या या मापाने माणसाच्या नजरेला मात्र फार नेमकं अंतर दिलं. या प्रमाणात पावणेसहा फुटी माणूस पाच सेंटिमीटरचा होतो. मॉडेल आपण साधारण फूटभर अंतरावरून, सुमारे तीस सेंटिमीटरवरून पाहतो. त्याला पस्तीसने गुणलं तर खऱ्या जगातलं अंतर साडेदहा मीटर येतं. हाक मारली तर ऐकू जाईल, एवढं हे अंतर आहे. इतक्या जवळून गाड्यावरचा चिखल दिसतो, हॅचमधून डोकावणाऱ्या जवानाचा चेहरा दिसतो. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात किंवा नकाशावरच्या बाणात हे अंतर कधीच मिळत नाही. छोट्या मॉडेलने युद्ध लहान होतं, असं काहींना वाटतं. माझा अनुभव असा की ते जवळ येतं.

आपल्याकडे हा उद्योग काही परका नाही. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात दगड, माती आणि जुनं पोतं घेऊन किल्ला करणारी मुलं हेच करत असतात. उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, बुरुजांवर मातीचे मावळे ठेवायचे, वर सिंहासनावर महाराज बसवायचे. त्या किल्ल्यात महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि ते कुणालाही खटकत नाही, कारण तिथे उंची आदराने ठरते. मोठेपणी १/३५च्या मॉडेलकडे वळलेल्या माणसाला तो आदर मापाच्या शिस्तीत बसवावा लागतो. आदर तोच असतो, फक्त आता तो मिलिमीटरमध्ये दाखवायचा असतो.

मी ज्या गाड्याबद्दल सांगणार आहे तो सेंच्युरियन. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनने तो घडवला. त्याचे पहिले नमुने १९४५च्या मे महिन्यात बेल्जियममध्ये पोचले तेव्हा युरोपातलं युद्ध नुकतंच संपलं होतं. ज्या लढाईसाठी तो जन्मला ती त्याला मिळाली नाही, पण पुढची कित्येक वर्षं तो कोरियापासून पंजाबपर्यंत लढत राहिला. वजन सुमारे ५१ टन. त्याचं रोल्स रॉइस मीटिऑर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानात बसणाऱ्या मर्लिन इंजिनाचंच जमिनीवर उतरलेलं रूप. दोन्ही बाजूंना सहा-सहा मोठी चाकं आणि त्यांच्यावर पोलादी पत्र्यांचे झडपेसारखे पडदे. आत चार माणसं: कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर.

हा गाडा टेबलावर जोडताना हाताला काय कळतं ते सांगतो. प्लॅस्टिकचे भाग एका चौकटीला देठांनी जोडलेले येतात. तिला स्प्रू म्हणतात. भाग कटरने सोडवायचा, देठाची खूण कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासून घालवायची, कोरडा बसवून पाहायचा, मगच चिकटवायचा. चिकटवणारं द्रावण प्लॅस्टिकचे दोन्ही काठ किंचित विरघळवतं आणि ते वाळताना एकजीव होतात. उरलेली फट पुट्टीने बुजवायची. हे काम हळू चालतं आणि त्या हळूपणातच आकार बोटांत उतरतो. पुढचं चिलखत किती तिरपं आहे, आणि ते तिरपं का केलं असेल, हे बोट त्यावरून फिरल्यावर उमगतं. तिरप्या पोलादातून गोळ्याला जास्त जाडी भेदत जावं लागतं. टरेटवरचं कमांडरचं हॅच जोडताना त्याचं तोंड किती अरुंद आहे ते दिसतं. पेटलेल्या गाड्यातून त्या तोंडातून बाहेर पडायचं असतं, हा विचार तिथे आपोआप येतो. त्यासाठी कुठलंही पुस्तक उघडावं लागत नाही.

मूळ गाड्यावर पोलादाच्या जाड पत्र्यांमध्ये वेल्डिंगच्या ओबडधोबड रेघा असतात. किटमध्ये त्या अनेकदा फार सौम्य येतात. त्या उठावदार करायला एम-सीलची केसासारखी वात वळून सांध्यावर बसवायची आणि सुईने टोचत जायचं. आपल्याकडे या छंदाचं सामान बहुतेक बाहेरून येतं आणि महाग पडतं, म्हणून इथल्या मॉडेलकारांनी घरातल्या वस्तूंमधून आपली हत्यारं उभी केली आहेत. थिनर मोजायला इन्शुलिनची सिरिंज, चिखलाचे शिंतोडे उडवायला जुना टूथब्रश, वाळलेल्या गवतासाठी सुतळीचे धागे, पाचोळ्यासाठी वाळवलेला चहाचा चोथा आणि जमीन धरून ठेवायला पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल. यात कमीपणा नाही. सुतळीचं गवत खऱ्या गवताच्या जितकं जवळ जातं, तितकं विकत मिळणारं पुष्कळसं कृत्रिम गवत जात नाही.

आता तो एक गाडा आणि तो एक दिवस. गाड्याचं नाव ‘फामागुस्ता’, क्रमांक जेएक्स २०२. रेजिमेंट पूना हॉर्स, जिची मुळं १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या तहात आहेत. दिवस १६ डिसेंबर १९७१. जागा शकरगड भागातल्या बसंतर नदीपलीकडचं जरपाल. गाड्याचा कमांडर सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१, जन्म पुण्याचा. आदल्या रात्री भारतीय सैन्याने बसंतर ओलांडून पलीकडे पाय रोवले होते. सुरुंगांचं क्षेत्र पुरतं साफ झालेलं नसतानाही पूना हॉर्सचे गाडे त्यातून पलीकडे गेले. दिवस उजाडल्यावर पाकिस्तानी चिलखती दलाचे प्रतिहल्ले सुरू झाले. खेत्रपाल यांच्या गाड्याला गोळा लागला, तो पेटला. गाडा सोडण्याचा हुकूम आला तेव्हा आपली तोफ अजून चालते आहे असं सांगून त्यांनी नकार दिला. त्यानंतरच्या चकमकीत ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडेही युद्धबंदी झाली.

फामागुस्ता पाकिस्तानच्या हाती पडला होता. नंतर तो परत मिळाला, दुरुस्त झाला आणि आता आपल्या अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ठेवलेला आहे. याच शहरात १९९४ साली उघडलेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. मॉडेल करणाऱ्या मराठी माणसासाठी ते तीर्थक्षेत्र आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉइस चिलखती मोटारीपासून मटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंतापर्यंत आणि हाती लागलेल्या पॅटनपर्यंत कितीतरी वाहनं तिथे उघड्यावर, हात लावता येईल इतक्या जवळ उभी आहेत. छायाचित्रात कळत नाहीत अशा गोष्टी तिथे कळतात. ओतीव पोलादाचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असतो, रबरी चाकांच्या कडा तुटलेल्या असतात, ट्रॅक वरच्या चाकांवर आपल्या वजनाने झोळ घेतो. आणि माणूस गाड्याशेजारी उभा राहिला की त्याची छाती मडगार्डच्या थोडी वर येते, हेही तिथेच कळतं. मॉडेलकार हे सगळं डोळ्यांत भरून घरी आणतो.

एक गोष्ट मात्र संग्रहालयातला गाडा सांगू शकत नाही, ती म्हणजे त्याचा रंग. ऊनपावसात उभ्या असणाऱ्या वाहनांना वेळोवेळी नवा रंग लावावा लागतो, आणि त्या थरांखाली १९७१चा हिरवा कधीच गडप झालेला असतो. मग कृष्णधवल छायाचित्रं, जुन्या फिल्मचे तुकडे, तिथे असलेल्या माणसांच्या आठवणी यांतून तो अदमासाने शोधावा लागतो. त्यातही एक बारकावा आहे. मोठ्या वस्तूवर जो हिरवा बरोबर दिसतो, तोच छोट्या वस्तूवर फार गडद वाटतो, कारण खरा गाडा आपण मधल्या हवेतून, धुळीतून आणि आकाशाच्या उजेडातून पाहत असतो. म्हणून मॉडेलसाठी रंग थोडा फिकट करावा लागतो. मोजून मिळवलेला रंग आणि डोळ्यांना खरा वाटणारा रंग यांत अंतर राहतं, आणि मॉडेलकार डोळ्यांच्या बाजूने कौल देतो.

त्यानंतर येतं ते या छंदातलं सगळ्यांत रसाळ काम, वेदरिंग. ऊन, पाऊस, चिखल, तेल आणि माणसांचा वावर यांच्या खुणा गाड्यावर उमटवण्याचं काम. आधी प्रायमर, मग एअरब्रशने मूळ रंग. क्रमांक आणि चिन्हं पाण्यात भिजवून सरकवायची असतात, त्यासाठी खाली चकचकीत वार्निश लागतं, नाहीतर कडेला हवा अडकून चंदेरी दिसते. त्यावर पातळ तपकिरी वॉश, जो खाचाखोचांत साचून सावली होतो. मग स्पंजाच्या तुकड्याने उडालेल्या रंगाचे टवके, ऑइल कलरचे ओघळ, शेवटी धूळ आणि चिखल. प्रत्येक खुणेला कारण लागतं. ड्रायव्हर ज्या बाजूने चढतो त्याच बाजूचा रंग जास्त झिजतो. डिझेल किंवा पेट्रोल भरताना सांडतं ते झाकणाच्या खालच्या अंगाला ओघळतं. धूर साचतो तो सायलेन्सरच्या तोंडाशी. शोभेसाठी कुठेही टवके उडवले तर जाणकाराला ते लगेच खोटे वाटतात, कारण त्यांच्यामागे कुणा माणसाचा पाय नसतो, हात नसतो. गाड्यावरची झीज म्हणजे त्यात राहिलेल्या चार माणसांच्या सवयी. त्या सवयी माहीत नसतील तर त्या शोधाव्या लागतात, आणि त्या शोधता शोधता माणसं ओळखीची होऊ लागतात.

धुळीचंही तसंच. फामागुस्ता आज अहिल्यानगरच्या जमिनीवर उभा आहे, पण १६ डिसेंबरला त्याच्या ट्रॅकमध्ये आपली काळी माती नव्हती, कोकणातली तांबडी तर नव्हतीच. पंजाबच्या नद्यांनी आणलेला गाळ फिकट, करडा, बारीक असतो. ओला असताना तो गडद दिसतो आणि वाळला की पिठासारखा पसरतो. नदीचं पात्र ओलांडून आलेल्या गाड्याच्या खालच्या भागावर ओला चिखल आणि वर कोरड्या शेतातली धूळ, असे दोन रंग हवेत. पुण्यात बसून दूरच्या एका नदीची माती ओळखायला लागणं, हे मला या छंदाचं मोठं देणं वाटतं. शिवाय त्या मातीत गाडा किती रुतवायचा हेही ठरवावं लागतं. खऱ्या सेंच्युरियनच्या ५१ टनांना लांबी, रुंदी, उंची या तिन्ही बाजूंनी पस्तीसने भागलं तर मॉडेलचं वजन सव्वा किलोच्या आसपास हवं. प्लॅस्टिकचा गाडा त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. म्हणून वजन डोळ्यांना दाखवावं लागतं: ट्रॅकच्या झोळातून, चाकांखाली दबलेल्या मातीतून, बाजूला उठलेल्या चिखलाच्या कडेतून.

मॉडेल ही साक्ष असते, हे मला विल्यम सायबॉर्नच्या कामातून नीट समजलं. या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याकडे १८३० साली वॉटर्लूच्या रणभूमीचं मॉडेल करण्याचं काम सोपवलं गेलं. तो रणभूमीवरच्या ला हे सांत या शेतवाड्यात जाऊन राहिला आणि आठ महिने त्याने जमिनीचा चढउतार मोजला. लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रं लिहून विचारलं की संध्याकाळी सातच्या सुमाराला, निर्णायक क्षणी, तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर कोण होतं, शेतात पीक कुठलं उभं होतं. शेकडो उत्तरं आली. पुढे सरकारने पैसे देणं थांबवलं, तरी तो कर्ज काढून काम करत राहिला. १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये मॉडेल लोकांसमोर आलं. सुमारे चारशे चौरस फुटांची रणभूमी आणि तीवर जेमतेम सेंटिमीटरभर उंचीचे ७५ हजारांच्या आसपास शिपाई.

सायबॉर्नच्या माहितीनुसार त्या क्षणी प्रशियाचं सैन्य बऱ्याच मोठ्या संख्येने लढाईत उतरलेलं होतं. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या गोटाला ते पटलं नाही, कारण त्यामुळे विजयाचं श्रेय वाटलं जात होतं. वाद चालला आणि शेवटी सायबॉर्नने प्रशियाचे हजारो शिपाई मॉडेलवरून उचलले. १८४९ साली तो गेला. मॉडेल आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. इतक्या छोट्या कथलाच्या शिपायांनी एवढ्या मोठ्या माणसाला अस्वस्थ केलं, यातच मॉडेलचं बळ दिसतं. शब्दांत ‘मित्रसैन्याच्या साहाय्याने’ असं म्हणून निसटता येतं. मॉडेलवर शिपाई ठेवायचा की नाही, आणि ठेवायचा तर कुठे, हे ठरवावंच लागतं.

म्हणूनच या छंदाला एक नैतिक ओझंही आहे आणि ते मी टाळू इच्छित नाही. दुकानातल्या फळ्या पाहिल्या तर जर्मन रणगाड्यांची गर्दी दिसते. टायगर, पँथर यांच्या रेषा देखण्या आहेत यात शंका नाही. पण ज्या राजवटीसाठी ते घडले तिने माणसांना कत्तलखान्यांत नेलं आणि तिच्या शस्त्रकारखान्यांत वेठीला धरलेले कामगार राबत होते. पँथर करायला हरकत नाही. मात्र त्याच्या देखणेपणावर थांबणं आणि त्याच्या दिवसाचं नाव न घेणं, हे मला मान्य नाही. ज्याने गाड्याची तारीख आणि जागा ठरवली, त्याला त्या जागी आणखी काय घडत होतं हेही वाचावं लागतं. ज्याने ती ठरवली नाही, त्याच्या हातून फक्त शोभेची वस्तू होते.

हीच कसोटी आपल्या विजयांनाही लागते. बसंतरच्या त्या दिवसाला दुसरी बाजू होती. २००१ साली अरुण खेत्रपाल यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या ८१व्या वर्षी सरगोधा हे आपलं जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले. तिथे त्यांचा पाहुणचार करणारे ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी निघण्याआधीच्या रात्री त्यांना सांगितलं की बसंतरच्या लढाईत तुमच्या मुलाचा गाडा टिपणारा मीच होतो. नासेर यांनी अरुणच्या शौर्याचा आदराने उल्लेख केला. फामागुस्ता करणाऱ्याने समोरचा पाकिस्तानी पॅटनही तितक्याच काळजीने करावा, असं मला यामुळे वाटतं. त्यातही चार माणसं होती आणि त्यांच्याही पायांनी मडगार्डचा रंग झिजला होता. शत्रूचा गाडा हलगर्जीपणे रंगवला तर आपल्या जवानाच्या शौर्याचंही माप चुकतं, कारण ते शौर्य खऱ्या, लढाऊ, कसलेल्या माणसांसमोर दाखवलेलं होतं.

सगळ्यांत शेवटी हॅचमधला माणूस. बाजारात जर्मन आणि अमेरिकन रणगाडा सैनिकांच्या आकृत्या भरपूर मिळतात, भारतीय फार कमी. मग ब्रिटिश आकृतीचं डोकं बदलावं लागतं, एपॉक्सीने बेरे घडवावी लागते, डांगरीच्या चुण्या नव्या कोराव्या लागतात. पाच सेंटिमीटरच्या माणसाचा डोळा एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतो. पांढरा रंग जास्त झाला तर माणूस घाबरलेला दिसतो, बुबुळ वर सरकलं तर हरवलेला. कातडीचा रंग किटच्या पुस्तिकेत सुचवलेल्या रंगाने जमत नाही. गव्हाळ, सावळा, उन्हाने रापलेला असे थर एकावर एक चढवावे लागतात. या चेहऱ्यावर ब्रश आला की माझा वेग आपसूक कमी होतो. चाक बिघडलं तर बदलता येतं, पण २१ वर्षांचा चेहरा कसा दिसतो हे जिवंत मुलांकडे पाहूनच शिकावं लागतं. कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडणारी मुलं पाहिली की तो चेहरा किती कोवळा असतो ते दिसतं. ते पाहिल्यावर कथेतला शूर वीर आपल्याला मुलासारखा वाटू लागतो आणि त्याच्या निर्णयाचं वजन आणखी वाढतं.

मॉडेलला पुष्कळ गोष्टी साधत नाहीत. इंजिनाचा आवाज नाही, जळक्या तेलाचा वास नाही, बंद पोलादात कोंडलेल्या माणसाची भीती नाही. त्या साधल्याचा दावाही कुणी करू नये. मॉडेल फक्त एक क्षण धरून ठेवतं आणि पाहणाऱ्याला हाकेच्या अंतरावर आणून उभं करतं. तिथून पुढचा प्रवास पाहणाऱ्याने स्वतः करायचा असतो. पण त्या अंतरापर्यंत आणणारी साधनं फार थोडी आहेत, आणि हा छंद त्यांतलं एक आहे असं मी ठामपणे म्हणेन.

आपल्या गाड्यांच्या बाबतीत तिथवर पोचणं अवघड जातं, कारण पुरावा विखुरलेला आहे. युरोपातल्या एखाद्या टायगरचा जवळपास आठवड्या-आठवड्याचा इतिहास छापलेला मिळतो. पूना हॉर्सच्या किंवा इतर भारतीय रेजिमेंटांच्या गाड्यांची छायाचित्रं मात्र घराघरांतल्या अल्बममध्ये, पत्र्याच्या ट्रंकांमध्ये पडून आहेत. महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर अशा कितीतरी जिल्ह्यांतल्या घरांमधून माणसं फौजेत गेली. त्यांनी १९६५ आणि १९७१मध्ये काढलेले फोटो आज पिवळे पडत आहेत आणि त्यांत कोण उभं आहे हे सांगणारी पिढी हळूहळू जाते आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात अशा फौजी माणसाचा फोटो असेल तर तो काढा. त्यातली माणसं कोण, रेजिमेंट कुठली, गाव कुठलं, महिना कुठला हे अजून सांगू शकणाऱ्याला विचारा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने ते लिहा, दोन्ही बाजूंचं स्कॅन करा आणि एक प्रत त्या रेजिमेंटला किंवा एखाद्या संग्रहालयाला पाठवा. गाड्यावरचा क्रमांक वाचता येत असेल तर तोही लिहा. तुम्हाला तो किरकोळ वाटेल. पुढे कुणीतरी तो गाडा पुन्हा उभा करायला बसेल, तेव्हा त्या एका ओळीवाचून त्याचं काम अडेल.